मोठ्याने बोलायची खूण

१६ ऑक्टो. ९४, रविवार. भवानीनगर

दुपारी निरवांगीहून मामी आल्या, मेव्हण्याच्या, मधूच्या जीपने. विमल गेल्यापासून मामी आल्या की आधी लेकीच्या फोटोपुढे बसतात, मेणबत्ती लावतात, मगच पाण्याला हात लावतात. आजही तसंच.

पाणी पिऊन झाल्यावर विषय काढला. गौतमीला निरवांगीला न्यायचं म्हणतात. चार दिवस नाही, कायमचं. तिथल्या शाळेत तिसरीत घालायचं. सुजाता मोठी आहे, सातवीत आहे, ती इथे माझ्याजवळ राहील.

"पोर मुकी झालीया, जावई. आल्यापासनं बघती हाय, एक शबुद न्हाय तोंडात. आई गेली आन् तिची वाचा गेली. तुमी आता सीझनभर पाळ्या करणार. हिच्याकडं बघायला कोण हाय?"

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्या लॅबला तीन पाळ्या. रात्रपाळीच्या आठवड्यात मी दिवसभर झोपलेला. आतापर्यंत वि. होती. अंथरुणावर का असेना, घरात होती.

गौ. उंबऱ्यावर चिंचोके खेळत होती. ऐकलं असणार. मान वर केली नाही.

मामींना 'नाही' म्हणावं असं मनात होतं. पण त्या म्हणतात ते मलाही दिसतं आहे. श्रावणात वि. गेली, तेव्हापासून पोरीचा मोठा आवाज मी ऐकलेला नाही.

१८ ऑक्टो., मंगळ.

मधूचं म्हणणं, न्यायचंच तर न्या, पण आधी सगळ्यांनी जरा डोंगर-जंगल बघून येऊ. कोयना, दाजीपूर, गोव्याच्या हद्दीतलं अभयारण्य. "अक्का निस्ती कॅलेंडरातली चित्रं बघत ऱ्हायली, दाजी. आपण तरी खरं बघू." वडाप बंद ठेवणार. निरवांगी-इंदापूर, इंदापूर-निरवांगी प्रवासी ने-आण करून त्यालाही कंटाळा आला असेल. अक्कासाठी त्यानेही पुण्याच्या दवाखान्यात कमी खेपा घातल्या नाहीत.

मामी तयार झाल्या. अट एकच. परत येताना जीप आधी आमच्या दारात थांबेल, मी आणि सु. उतरायचं, गौ.ला घेऊन जीप तशीच पुढे निरवांगीला.

रजा मिळाली. पोरींनाही शनिवारपासून दिवाळीची सुट्टी. ओव्हरहॉलिंग संपत आलंय, लॅबला आत्ता काम नाही. दिवाळीच्या आत मोळी पडणार, गाळप सुरू होणार म्हणतात, त्याआधी हजर व्हायचं.

२१ ऑक्टो., शुक्र.

मामींनी गौ.चे कपडे वेगळ्या पिशवीत भरले. हिरवी वायरची पिशवी, वि. बाजाराला न्यायची ती. फ्रॉक, शाळेचा गणवेश, स्वेटर, सगळंच. कपाटातला गौ.चा कप्पा रिकामा झाला. सु. बघत उभी होती. मी बाहेर जाऊन उगाच सायकलची हवा बघितली.

२२ ऑक्टो., शनि. कोयनानगर

सकाळी निघालो. बारामती, फलटण, सातारा, पाटण. पाटणपर्यंत मधूने चार वेळा जीप थांबवली. रस्त्यात कुणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. एकदा तर दोन बायका गाठोड्यासकट आत बसल्यासुद्धा. मामींनी सरकून जागा करून दिली आणि कुठल्या, कुणाच्या, सगळी चौकशी केली. त्या उतरताना मधू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मावशी, आज फुकट हाय." बायकांना संशय आला. पैसे सीटवर ठेवून गेल्या.

मामींचा आवाज मोठा. आयुष्य मळ्यात गेलं, या बांधावरून त्या बांधावर हाक मारण्यात. जीपमध्ये शेजारी बसलेल्याशीही तसंच बोलतात. गौ. पूर्ण रस्ता गप्प. खिडकीबाहेर बघत होती. मामींनी दोनदा माझ्याकडे नजर टाकली, बघा म्हणून.

पाटणच्या पुढे दोन्ही बाजूंनी डोंगर. आपल्याकडे सगळं सपाट, उसाच्या वर काही दिसत नाही. इथे मान वर करावी लागते.

२३ ऑक्टो., रवि. कोयनानगर

सलग झोपलो. उजाडल्यावर जाग आली. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. वि.च्या औषधाच्या वेळा, तिचं कण्हणं, तिचं 'झोपा तुम्ही, मला काही नको'. ती गेल्यावरही त्या त्या वेळेला उठून बसायचो. काल कुणी हाक मारली नाही आणि मीही हाक ऐकली नाही.

वि. सुटली. शेवटी फार झालं होतं. मीही सुटलो. कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो.

जंगलाच्या कडेने फिरलो. शेकरू दिसलं, झाडाच्या शेंड्याला. तांबूस, शेपटी हातभर. सु.ने ओळखलं, पुस्तकात आहे म्हणाली. संध्याकाळी सर आली. टपावरचं सामान भिजलं. हिरव्या पिशवीतलं सगळं ओलं. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात दोरी बांधून गौ.चे कपडे वाळत घातले. गणवेशापासून चड्ड्यांपर्यंत. मामी म्हणाल्या, "पोरीचा सौंसार मांडला की."

गौ. हसली. आवाज नाही, फक्त खांदे हलले.

२४ ऑक्टो., सोम. दाजीपूर

कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर. मधू दिवसभर एकच म्हणतोय, "दाजी, तुमच्या गावाला चाललोय." सु.ने सांगितलं, मामा, आता बास.

जंगल पाऊस संपून नुकतंच उघडलंय. वाटाड्या मिळाला, धोंडीबा. गवे बघायला संध्याकाळी जीपने आत नेलं. माळावर कळप होता, लांब. काळेकुट्ट, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. मी अजून नीट बघतोय तोवर मामी, "आगं बया, आपलं रेडंच की हे! केवढं माजल्यात!"

कळप गेला. एकदम, पडदा ओढल्यासारखा.

धोंडीबाने कपाळाला हात लावला. "आजी, तुमी शिरोळात बोललासा तरी हितं ऐकू आलं असतं." मामी म्हणाल्या, मला काय ठावं, म्हशी तर माणसाला बघून येत्यात. मधू इतका हसला की जीप बंद पडली.

उद्या पहाटे परत. मचाणावर. धोंडीबा म्हणतो, आजींना विश्रामगृहात ठेवा. मामी म्हणतात, मी येणारच.

२५ ऑक्टो., मंगळ. दाजीपूर

आजचं नीट लिहायचंय.

उजाडायच्या सुमारास मचाणावर चढलो. खाली पाणवठा, थोडं धुकं. धोंडीबाने बजावलं, आता कुणी तोंड उघडायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. मामींनी पदराचा बोळा तोंडात धरला. गौ. मामींच्या शेजारी जाऊन बसली. मी सांगितलं नव्हतं.

बराच वेळ काही नाही. मी पाण्याकडे बघत होतो. मग सहज पोरींकडे लक्ष गेलं.

दोघी बोलत होत्या. हातांनी. सु.ने दोन बोटं कपाळाला लावली, शिंगासारखी, आणि भुवया उडवल्या. गौ.ने मान हलवली, हनुवटीवर अंगठा घासला आणि मामींकडे डोळ्याने दाखवलं. सु.चं हसू फुटलं, तिने तोंड गुडघ्यात घातलं. गौ.चे हात चालूच. मनगटावर टकटक, कानाची पाळी ओढणं, हवेत बोटाने गोल. भरभर. आम्ही मोठी माणसं गप्पा मारताना बोलतो त्याहून भरभर. मग दोघी अशा हसल्या की मचाण हललं. आवाज मात्र शून्य.

मामीही बघत होत्या. पदर तोंडात तसाच.

मग गवे आले. एक मोठा, त्याच्यामागे माद्या, एक पिल्लू तांबूस रंगाचं. पार आमच्या खाली. मोठ्या गव्याने मान वर केली आणि बघितलं. मामींच्या तोंडातला पदर सुटला. गौ.ने त्यांचा हात धरला आणि स्वतःचा कान ओढून दाखवला. मामींनी आपला कान ओढला. समजलं, असं. गवे पाणी प्याले, पिल्लू घसरलं, उठलं. सावकाश गेले.

गेल्यावर कुणी हललं नाही. धोंडीबाही नाही. मग गौ.ने उजवा तळवा छातीवर ठेवला, दोनदा. त्याबरोबर सु. मोठ्याने बोलायला लागली, "बाबा, पिल्लू बघितलं का, कसं पडलं!" आणि गौ. तिच्यावर ओरडली, "पडलं नाही काही, ते मुद्दाम बसलं!" चांगली ओरडली. दोघींचं तिथेच भांडण.

धोंडीबा म्हणाला, "असली पोरं बगितली न्हाईत बा. मोठी माणसं आणतो मी, दहा मिनटं कड काढत न्हाईत."

खाली उतरताना सु.ला विचारलं, हे छातीवर हात म्हणजे काय?

"आई उठली."

कळलं नाही मला.

"आई झोपलेली असायची ना. उठली की जी बघेल तिनं दुसरीला असं करायचं. म्हणजे मग मोठ्यानं बोललं तरी चालायचं." जरा थांबून म्हणाली, "आता कधीपण करतो. मोठ्यानं चालेल, एवढंच."

आणि गालाला तळवा लावला की 'बाबा झोपलेत'. ती खूण जुनी, गौ. बालवाडीत असल्यापासूनची, वि. आजारी पडायच्या आधीची. वि.नेच शिकवली. मनगटावर टकटक म्हणजे औषध. कान ओढला की 'गप्प, ऐकू जाईल'. हवेत गोल म्हणजे नंतर बघू. हनुवटीवर अंगठा म्हणजे आजी. मामींच्या हनुवटीवर गोंदण आहे, त्यावरून.

माझ्या घरात हे सगळं चालू होतं आणि मला पत्ता नाही. मी कामावर तरी किंवा झोपलेला तरी.

पोरगी मुकी नाही. एवढं बोलते की हात पुरत नाहीत. दुपारी जेवलो, भाकरी चांगली लागली. बऱ्याच दिवसांनी मीठ-तिखट कळलं.

मामी दिवसभर गप्प. धोंडीबाने विचारलं, आजी बरं हाय न्हवं?

२६ ऑक्टो., बुध. मोले

फोंडाघाट उतरून कोकणात, तिथून गोवा. घाटात मधूने हॉर्नवरचा हात काढला नाही.

गोव्यात एक गोरा परदेशी मुलगा रस्त्याकडेला उभा, अंगठा वर करून. मधू चिडला. "मला अंगठा दावतोय! मी काय केलं त्याचं?" जीप थांबवून भांडायला उतरला. मुलगा पाठीवरची पिशवी घेऊन खुशाल आत येऊन बसला. मग कळलं, तिकडे अंगठा दाखवणं म्हणजे हात करणं. मधू म्हणाला, म्हंजे ह्योबी वडापचाच.

मामी त्याच्याशी मराठीत बोलत होत्या. कळत नाही म्हटल्यावर आणखी मोठ्याने. गौ.ने हाताचा घास करून तोंडाकडे नेला, त्याने मान हलवली, तिने त्याला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली. त्याला तिखट लागलं. तिने पाण्याची खूण केली. मोल्यापर्यंत दोघांचं चाललं होतं. माझं बी.एस्सी.चं इंग्रजी बाहेर काढायची गरज पडली नाही.

२७ ऑक्टो., गुरु. मोले

राष्ट्रीय उद्यानात. मोठी झाडं, खाली ऊन येत नाही. आत ओढा आहे, भरपूर पाणी. मधू पोरींना घेऊन पाण्यात. मी आणि मामी खडकावर. पाण्याचा आवाज इतका की शेजारचं ऐकू येईना. तिथेच मामींनी विषय काढला. दोन दिवस मनात ठेवला होता. इतकी खाजगी गोष्ट इतक्या मोठ्याने मी आयुष्यात बोललो नव्हतो.

"मुकी न्हाय. बरं झालं, जावई. माझा जीव भांड्यात पडला."

मी म्हणालो, माझाही.

"काय?"

"माझाही!"

"पर एक सांगा. ज्या घरात पोरांनी बोलू न्हाय, त्या घरात पोर का ठिवू मी? लेक आजारी व्हती तवर ठीक. तिला आवाज सोसत न्हवता. आता कुणासाठी गप बसायचं? तुमच्या झोपंसाठी?"

"पाळी असते मामी. रात्रभर जागं राहायचं. दिवसा झोप नको?"

"आमच्या मळ्यात मोटार चालती, कुत्री भुकत्यात, आमी झोपतोच की! पोरगी हितं हातानं बोलायला शिकली. तितं तोंडानं बोलंल. वरडंल. कोण न्हाय म्हणणार न्हाय."

बरोबर बोलत होत्या. मुकी आहे म्हणून नेते म्हणाल्या तेव्हा वाईट वाटलं होतं, पण समजत होतं. आता मुकी नाही आणि तरी नेते म्हणतात, आणि त्यांचंच बरोबर आहे असं वाटतंय. मी म्हणालो, "तिला विचारू."

"काय?"

"तिला विचारू!"

तेवढ्यात पाण्यातून गौ.ने आमच्याकडे बघून घास तोंडाकडे नेला. भूक लागली. मी उठणार तोच मामींनी हात वर करून हवेत गोल काढला. नंतर. दाजीपूरच्या एका सकाळीत शिकल्या. स्वतःच चमकल्या. मग पदर डोळ्याला लावला. मी पाण्याकडे बघत बसलो.

२८ ऑक्टो., शुक्र. बेळगाव

अनमोड घाट चढलो. वर धुकं, खाली सगळं हिरवं, एकाच रंगात किती प्रकार असतात. वि.ला दाखवायला हवं होतं. पण आजचं हे वाईट वाटणं हलकं होतं. पुण्याच्या दवाखान्याच्या खिडकीशी बसून वाटायचं तसं नव्हतं.

बेळगावात लॉजवर गौ.ला विचारलं. बाजूला घेऊन, सरळच. तुला निरवांगीला राहायचंय की घरी? बराच वेळ माझ्या शर्टाच्या बटणाशी खेळली. मग हवेत गोल काढला.

वि.ही हेच करायची. कधी बरी होणार, असं गौ. विचारायची तेव्हा. सु.ने सांगितलं.

मी म्हणालो, बरं. नंतर सांग. हसली. पुढचा दात हलतोय तिचा, आज बघितला.

२९ ऑक्टो., शनि. भवानीनगर

सातारा, फलटण, बारामती. बारामती सोडली तसं जीपमधलं बोलणं कमी होत गेलं. मधूने दोन वेळा हात करणाऱ्यांना सोडून दिलं.

दोन्हीकडे ऊस उभा, तुरे आलेले. कारखान्याची चिमणी लांबून दिसली. अजून धूर नाही. एरवी सीझनच्या आधी ती चिमणी बघितली की मी रात्रपाळ्या मोजायला लागतो. आज घर किती लांब राहिलं ते मोजत होतो.

क्वार्टरसमोर जीप थांबली. इंजिन चालूच, मधू कधी बंद करत नाही. ठरल्याप्रमाणे मी उतरलो, सु. उतरली. आमचं सामान टपावरून काढलं. हिरवी पिशवी टपावरच राहिली. गौ. आत मामींच्या शेजारी. सु.ने खालून तिला काहीतरी खूण केली, मला दिसली नाही. गौ.ने दोन्ही हात मांडीखाली घातले.

मी म्हणालो, "मामी, आठ दिवस थांबा. मोळी पडतेय. मला रात्रपाळी लागेल, ती बघा. घर कसं चालतं ते बघा. मग न्या."

एवढं मी कधी सलग बोलत नाही. मामी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मधू म्हणाला, "कोण उतरतंय, कोण बसतंय, ते बोला की. वडापात असं केलं तर लोक मारत्याल."

मामी म्हणाल्या, "मला च्या प्यायचाय." आणि उतरल्या. गौ. त्यांच्या मागून उडी मारून. मामींनी मधूला हाताने दाखवलं, पिशवी काढ.

"दाराआड ठिव. पर खोलायची न्हाय. मी अजून काय म्हणलं न्हाय."

मधू चहा पिऊन एकटा गेला. भाऊबिजेला येतो म्हणाला. दरवर्षी यायचा, वि.कडे. "यंदाबी येतो. पोरी हायत की. तवा जे काय ठरंल त्ये घिऊन जातो."

३१ ऑक्टो., सोम.

मोळी पडली. ऊस टाकायच्या गव्हाणीला नारळ, पेढे. रस आला. पहिल्या दिवसाचा रस नेहमीच तसा, फार अपेक्षा नाही. उद्यापासून माझी रात्रपाळी.

गौ.चे कपडे पिशवीतच. लागेल तो काढते, धुतला की मामी घडी घालून परत आत ठेवतात.

सु.ला म्हणालो, रात्रपाळीनंतर मी झोपलो तरी तुम्ही मोठ्याने बोलायचं. खेळायचं, भांडायचं. मला चालेल. सु.ने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अवघड गणित घातलंय.

२ नोव्हें., बुध.

सकाळी कामावरून आलो. कपड्यांना मळीचा वास. पोरींना शाळेची सुट्टी. परत सांगितलं, मोठ्याने बोला. मामींसमोर सांगितलं. पांघरूण घेऊन पडलो.

झोप लागली. जाग आली तेव्हा दुपार. घरात चिडीचूप. वाईट वाटलं. एवढं सांगून काही उपयोग नाही, मामी बघत असणार सगळं. उठून दारापाशी गेलो, आवाज न करता. मलाही सवय तीच.

अंगणात मामी तांदूळ निवडत बसल्या होत्या, दोघी त्यांच्यासमोर. सु.ने काहीतरी खूण केली. मामींना कळली नाही. त्यांनी विचारलं, पण कुजबुजत. मामी, कुजबुजत! "परत कर, परत. ते बोट कुठं नेलंस?" गौ.ने कपाळाला हात लावला, धोंडीबासारखा, आणि परत करून दाखवली. मामींनी जमेल तशी केली. बहुतेक चुकली. तिघी हसायला लागल्या, एकीचाही आवाज नाही. मामींच्या मांडीवरचं सूप हलून तांदूळ सांडले.

मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. कारखान्याचा भोंगा झाला, मामी दचकून गालाला तळवा लावून म्हणाल्या, हळू, जावई उठत्याल. भोंग्याला सांगत होत्या की काय कोण जाणे.

मग गौ.ने मला बघितलं. मी तळवा छातीवर ठेवला. दोनदा.

मला ही खूण करता येते हे तिला माहीत नव्हतं. मग एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या क्वार्टरमधून वहिनी बाहेर आल्या. "आजी! बाबा उठले! बाबा उठले!"

"आगं हळू, केवढ्यांदा," मामी म्हणाल्या. स्वतःच्या नेहमीच्या आवाजात. मग माझ्याकडे बघून, "झोप झाली का न्हाय, जावई?"

झाली म्हणालो. चांगली झाली.

चहा झाल्यावर मामी कपडे वाळत घालत होत्या. न्यायचं की ठेवायचं, अजून ठरलेलं नाही. मधू भाऊबिजेला येईल. पिशवी दाराआडच आहे. गौ.ने मघाशी तिच्यातून निळा फ्रॉक काढून कपाटातल्या तिच्या कप्प्यात ठेवला. मामींनी बघितलं. काढला नाही. बाकीचे कपडे अजून पिशवीतच आहेत.